मॅन्स्टन विमानतळ

इंग्लंडच्या केंट परगण्यातील, २०१४ मध्ये वाहतुकीस बंद झालेला विमानतळ. तो रॅम्झगेट शहराच्या पश्चिमेस असून १९१६ मध्ये लष्करी तळ म्हणून सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धात जायबंदी बाँबफेकी विमानांसाठी येथे अतिरुंद धावपट्टी बांधण्यात आली. सु. २,७५० मी. लांबीची धावपट्टी हेच येथे मालवाहतूक केंद्र उभारण्याच्या योजनेचे मुख्य भांडवल होय. परंतु धावपट्टी आयती मिळाली, तरी माल आयता मिळत नाही. ब्रिटनचा बराचसा हवाई माल हीथ्रोवरून, प्रवासी विमानांच्या तळकप्प्यांतूनच जातो. केंद्राची गरज सिद्ध होत नसल्याने चौकशी मंडळाने प्रतिकूल शिफारस केली. तरीही शासनाने २०२० मध्ये परवानगी दिली. २०२१ मध्ये न्यायालयाने ती रद्द केली, २०२२ मध्ये ती पुन्हा देण्यात आली. धावपट्टीची रेषा थेट रॅम्झगेटच्या घरांवरून जात असल्यामुळे तेथील रहिवाशांचा विरोध तीव्र होता. त्यांच्या बाजूचे अपील २०२४ मध्ये फेटाळले गेले.