रस्ता आणि चाक (लेखांक सहावा) : हिवाळी टायरची निवड आणि त्याचे लेबल

गेल्या लेखांकात टायरच्या रबरात कोणकोणती द्रव्ये मिसळलेली असतात आणि थंडी वाढू लागली की ते रबर कसकसे ताठर होत जाते, याचे विवेचन आपण केले. आता ज्या देशांत ही ताठरता वर्षातून चार-पाच महिने प्रत्येक मोटारमालकाच्या दारात येऊन उभी राहते, तेथील मनुष्य दुकानात जाऊन टायर निवडतो तो कशाच्या आधारावर, आणि सरकारने त्याच्या सोयीसाठी टायरला चिकटवावयास लावलेला कागद त्याला कितपत उपयोगी पडतो, हे पाहावयाचे आहे. उदाहरणादाखल मी जर्मनी घेतो, कारण एक तर तेथील कायदा स्पष्ट आहे, आणि दुसरे म्हणजे पुण्याहून मोटारींच्या धंद्यात नोकरीनिमित्त श्टुटगार्ट-म्युनिककडे गेलेली मराठी कुटुंबे आता थोडीथोडकी नाहीत व पहिल्या हिवाळ्यापूर्वी त्यांतल्या प्रत्येकाला हा प्रश्न पडतोच.

जर्मनीत २०१० सालापासून सध्याच्या स्वरूपात अमलात असलेल्या तरतुदीचा रोख तारखेवर नाही, रस्त्यावर आहे. अमुक दिवशी टायर बदला असे फर्मान तेथे निघत नाही. रस्त्यावर गोठलेले पाणी, चेपलेले हिम, हिमाचा चिखल किंवा गोठलेल्या दवाचा थर असेल तर हिवाळी टायरवाचून त्यावर मोटार हाकू नये, एवढेच कायदा म्हणतो, आणि जो हे मानीत नाही त्याला ६० युरो दंड होऊन शिवाय फ्लेन्सबुर्ग येथील मोटार-कचेरीच्या दप्तरी त्याच्या नावापुढे एक गुण चढतो, जो चढू नये अशीच प्रत्येकाची इच्छा असते. शेजारच्या ऑस्ट्रियाने १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल अशी मुदतही आखली आहे आणि त्या मुदतीत रस्ता हिवाळी झाला की सक्ती लागू होते. परंतु ऑस्ट्रियाची खरी मेख वेगळीच आहे. खाचांची खोली ४ मिलिमीटरहून कमी झालेला टायर तेथे हिवाळी टायर म्हणून गणलाच जात नाही, तर जर्मन कायद्याला १.६ मिलिमीटर पुरतात. तेव्हा म्युनिकमध्ये निर्दोष असलेली गाडी नाताळच्या सुट्टीत साल्झबुर्ग पाहावयास निघाली, तर तासा-दोन तासांत सदोष ठरू शकते.

तापमान सात अंशांखाली गेले की टायर बदलावेत, असा एक ठोकताळा दुकानदार मोठ्या भक्तिभावाने सांगतात. त्यात तथ्य आहे, पण ते सांगितले जाते तितके नाही. सात अंशांवर रबराच्या स्वभावात काही एकाएकी पालट होत नाही, आणि कोरड्या स्वच्छ रस्त्यावर थंडीतही चांगला उन्हाळी टायर हिवाळी टायरपेक्षा लवकर थांबू शकतो. हिवाळी टायर घ्यावयाचा तो कोरड्या थंडीसाठी नव्हे, तर हिमासाठी आणि हिमाच्या चिखलासाठी. हे एकदा ध्यानात धरले म्हणजे पुढील विवेचन सोपे होते.

हिमावर टायर कशाच्या बळावर टिकून राहतो? ताजे हिम टायरच्या रुंद खाचांत दाबले जाऊन घट्ट होते, आणि खाचेत बसलेले हे हिम रस्त्यावरच्या हिमात रुतून त्याला कातरू पाहते; म्हणजे पकड रबराची थोडी आणि हिमाची हिमावरची बरीच असते. त्याखेरीज रबराच्या ठोकळ्यांवर पात्याने चिरल्यासारख्या ज्या अतिसूक्ष्म नागमोडी चिरा दिसतात, त्या भार पडताच उघडून शेकडो कडा रस्त्याला टेकवितात. ही दोन्ही कामे खोलीवर अवलंबून असल्यामुळे झिजलेला हिवाळी टायर पावसात कदाचित चालून जाईल, हिमात मात्र तो गोटाच. जर्मनीतली मंडळी यासाठी एक युक्ती करतात : दोन युरोच्या नाण्याची बाहेरची रुपेरी कड साधारण ४ मिलिमीटर रुंद असते, नाणे खाचेत उभे घातले आणि ती कड पूर्णपणे बुडाली, तर टायरमध्ये अजून एक हिवाळा शिल्लक आहे असे समजावे, आणि कड वर डोकावू लागली तर खर्चाची तरतूद करावी.

आता चिन्हांकडे वळू. टायरच्या बाजूवर 'एम+एस' अशी जी अक्षरे असतात, ती चिखल व हिम यांची आद्याक्षरे होत. परंतु ही अक्षरे उमटविण्यासाठी कारखानदाराला कोणतीही परीक्षा द्यावी लागत नाही, आणि आपल्याकडे महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर धावणाऱ्या कित्येक दणकट गाड्यांच्या टायरांवरही ती सुखेनैव विराजमान असतात. याउलट तीन शिखरांच्या पर्वताच्या आकृतीत हिमकण कोरलेले जे चिन्ह असते, ते परीक्षेवाचून मिळत नाही : ठरावीक प्रमाण-टायरशी हिमावर तुलना करून त्याच्याहून निश्चित प्रमाणात सरस ठरल्यावरच ते लाभते, आणि ब्रेकच्या चाचणीत हे प्रमाण १.०७, म्हणजे सात टक्के, इतके आहे. जर्मनीने २०१८ पासून तयार होणाऱ्या टायरांना हे चिन्ह आवश्यक ठरविले, जुन्या एम+एस टायरांना ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत सवलत दिली, आणि ती मुदतही आता सरली आहे. जुनी गाडी विकत घेताना डिकीत 'हिवाळी टायरांचा संच फुकट' मिळत असेल, तर उपकाराचे ओझे घेण्यापूर्वी पर्वत शोधावा.

राहिले ते लेबल. युरोपीय संघाने ते २०१२ च्या नोव्हेंबरात प्रथम आणले आणि १ मे २०२१ पासून सुधारून ए ते ई अशा पाच श्रेण्यांत बसविले. त्यावर तीन बाबींचा हवाला असतो. पहिली बाब इंधनाची : टायर फिरताना रबर सतत दबते व सुटते आणि त्यात शक्ती वाया जाते, ए श्रेणीच्या मोटारटायरमध्ये हा विरोध दर टन भारामागे ६.५ किलोपेक्षा अधिक नसतो, तर ई श्रेणीत तो १०.६ किलो किंवा त्याहून जास्त असतो, म्हणजे दीड टनाची गाडी पहिल्या टायरवर फार तर पावणेदहा किलोचे ओढणे ओढते आणि दुसऱ्यावर किमान सोळाच्या आसपास. दुसरी बाब ओल्या रस्त्यावरील ब्रेकची, आणि माझ्या मते तिघींत हीच जीवनमरणाची. ताशी ८० किलोमीटर वेगातून थांबताना एका श्रेणीच्या फरकाने काही मीटर वाढतात, आणि समोर उभ्या असलेल्या ट्रकच्या दृष्टीने ते मीटर क्षुल्लक नसतात. तिसरी बाब आवाजाची. तो गाडीतल्या माणसाला ऐकू येणारा नसून रस्त्याकडेच्या रहिवाशांना ऐकू येणारा आहे, तेव्हा हा रकाना आपल्यापेक्षा शेजाऱ्यांच्या हिताचा म्हणावा.

या तीन रकान्यांत हिम कोठे आहे? कोठेही नाही. ज्यासाठी टायर घ्यावयाचा त्या गुणाला श्रेणीच नाही. त्यासाठी कोपऱ्यात फक्त पर्वताचे चिन्ह आहे किंवा नाही, एवढीच नोंद आहे, आणि उंबरठा जेमतेम ओलांडलेला टायर व तो दुपटीने ओलांडलेला टायर या दोघांच्या वाट्याला एकच चित्र येते. ओल्या रस्त्याची चाचणीसुद्धा गोठणबिंदूच्या वरच घेतली जाते. हे लेबल आपल्या सातबाऱ्याच्या उताऱ्यासारखे आहे : क्षेत्र किती, आकार किती, हे त्यात बिनचूक मिळते, पण जमीन काळी की मुरमाड हे पाहण्यास बांधावरच जावे लागते. टायरच्या बाबतीत बांधावर जाण्याचे काम एडीएसी ही जर्मन मोटार-संस्था दर शरद ऋतूत करते. ती निरनिराळे टायर हिमावर, बर्फावर, पाण्यात व कोरड्यात चालवून निकाल प्रसिद्ध करते, आणि आपल्या मापाचा टायर त्या यादीत सापडला तर लेबलाआधी तो निकाल वाचावा, अशी माझी स्पष्ट शिफारस आहे.

लेबलावर क्वचित आढळणाऱ्या दुसऱ्या एका चिन्हाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण ते पाहून नवखा माणूस हमखास फसतो. हे बर्फाच्या सुळक्याचे चिन्ह, म्हणजे चकचकीत गोठलेल्या बर्फावर टिकणाऱ्या टायरचे. हिमाला पर्वत पुरतो, त्याहून कठीण बर्फालाही चिन्ह आहे, तर दोन्ही असलेला टायर सर्वांत उत्तम, असा तर्क साहजिक वाटतो. पण तो म्युनिकमध्ये लागू पडत नाही. हे टायर मुख्यतः फिनलंड, स्वीडन, नॉर्वे यांच्यासाठी घडविलेले असतात. फिनलंडचा या विद्येवरील अधिकार जुनाच आहे. १९३४ मध्ये ट्रकसाठी आणि १९३६ मध्ये मोटारींसाठी हिवाळी टायर तेथे तयार झाला, व त्या दुसऱ्याचे 'हाक्कापेलिटा' हे नाव आजही चालू आहे. तिकडील टायरचे रबर अतिशय मऊ ठेवतात, आणि हाच मऊपणा दक्षिण जर्मनीच्या आठ अंश तापमानाच्या ओल्या महामार्गावर अंगलट येतो. अशा टायरच्या लेबलावर ओल्या रस्त्यापुढे डी किंवा ई दिसले तर नवल नाही. ज्या गावात हिवाळ्याचे निम्मे दिवस पावसाचे, तेथे पर्वताचे चिन्ह आणि ओल्या रस्त्याला बी किंवा चांगला सी, इतके मिळाले तर तक्रारीला जागा नाही.

टायरच्या अंगावरचा बाकीचा मजकूर थोडक्यात आटोपतो. २०५/५५ आर १६ ९१ एच म्हणजे रुंदी २०५ मिलिमीटर, उंची रुंदीच्या ५५ टक्के, रेडियल बांधणी, सोळा इंची रिम, एका टायरवर ६१५ किलो भार आणि ताशी २१० किलोमीटर वेग. भाराचा अंक गाडीच्या कागदपत्रांत लिहिला असेल त्याहून कमी चालत नाही. वेगाचे अक्षर मात्र जर्मनीत हिवाळी टायरपुरते कमी चालते, पण चालकाच्या नजरेसमोर त्या वेगाची चिठ्ठी लावलेली असली पाहिजे. डीओटी या अक्षरांनंतरचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष दाखवितात : ३८२३ म्हणजे २०२३ सालचा अडतिसावा आठवडा. दुकानदाराने भरघोस सूट देऊ केली की आधी हे चार आकडे वाचावेत.

शेवटची बाब काटकसरीची. पुढची चाकेच गाडी ओढतात तर पुढचे दोनच हिवाळी टायर घ्यावे, हा हिशोब वरकरणी बिनतोड दिसतो. परंतु मग पुढचा भाग वळणावर धरून राहतो आणि मागचा उन्हाळी टायरवर बाजूला निसटतो, तेव्हा गाडी स्वतःभोवती फिरू लागते व ती सावरणे सराईत चालकाच्याही आवाक्याबाहेरचे ठरते. घ्यावयाचे तर चारही घ्यावेत, आणि त्यांत झीज कमी-जास्त असेल तर अधिक खाचांचे दोन मागे बसवावेत. उतरविलेल्या उन्हाळी टायरांचे सहा महिने काय करावे आणि थंडीत हवेचा दाब किती ठेवावा, हे पुढील लेखांकात पाहू.