अवयवदान : पैसा नको, मान आणि माहिती हवी

गिरणाकाठच्या एका गावात लिंबावरील खैऱ्या रोगाची बैठक होती. बैठक आटोपली, चहा आला आणि एक भाऊ म्हणाले, "साहेब, ठिबकला अनुदान मिळतं, मग किडनी देणाऱ्याला का नाही? लोक रांगा लावतील!" सगळे हसले. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

रांगा लागतील, पण कोणाच्या? २००६ च्या सुमारास अमरावती जिल्ह्यातील शिंगणापूरच्या कर्जबाजारी शेतकऱ्यांनी गावात 'किडनी विक्री केंद्रा'चा फलक लावला आणि उद्घाटनाला राष्ट्रपती-पंतप्रधानांना बोलावले. तो निषेध होता. डिसेंबर २०२५ मध्ये मात्र चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याने सावकारी कर्जापायी कंबोडियात जाऊन खरोखरच किडनी विकल्याची तक्रार पुढे आली. म्हणूनच १९९४ च्या कायद्याने अवयवांच्या खरेदी-विक्रीला बंदी आहे. शिक्षा पाच ते दहा वर्षे कैद आणि वीस लाख ते एक कोटी रुपये दंड.

इतर देशांत काय?

इराणमध्ये किडनी देणाऱ्याला पैसे देणे कायदेशीर आहे. पण देणारे बहुतेक गरीब आणि कर्जात बुडालेले. इस्रायलने २००८ च्या कायद्याने वेगळी वाट धरली. ज्याने दानाची नोंद केली, त्याला स्वतःला गरज पडल्यास रांगेत प्राधान्य. आपल्याकडे चारी साफ करायला जो येतो त्याची पाळी आधी, तसेच हे. सिंगापुरात १९८७ पासून नकार लिहून न देणारा दाता धरला जातो. नकार देणारा रांगेत मागे जातो.

स्पेन या कामात जगात पुढे आहे, आणि तिथे पैसा देत नाहीत. १९८९ पासून त्यांनी रुग्णालयांत प्रशिक्षित समन्वयक नेमले. दुःखातल्या कुटुंबाजवळ बसून ते नीट समजावतात. आम्ही विस्तारवाले हे ओळखतो. नुसत्या अनुदानावर आलेली गोष्ट अनुदानाबरोबर जाते. पटलेली गोष्ट टिकते.

आपल्या देशातही मान देण्याची सुरुवात झाली आहे. तमिळनाडूने २०२३ मध्ये अवयवदात्यावर शासकीय इतमामात अंत्यसंस्कार करण्याचे जाहीर केले. त्याच वर्षी अवयव देणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्यांना ४२ दिवसांपर्यंत विशेष रजा मंजूर झाली. मजुरीवर जगणाऱ्याच्या बुडालेल्या दिवसांचे काय, हा प्रश्न मात्र शिल्लकच आहे.

आपण काय करावे?

नेत्रदान घरीही होते, पण मृत्यूनंतर सहा तासांच्या आत. नेत्रपेढीला लगेच कळवावे, पंखा बंद करावा, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवावा, डोक्याखाली उशी द्यावी. चष्मा किंवा मधुमेह असला तरी चालते.

मृत्यूनंतर हृदय, यकृत, किडनी देता येतात ती मुख्यतः रुग्णालयात मेंदूमृत ठरलेल्या व्यक्तीची. चार डॉक्टरांचे मंडळ सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करते, मगच निर्णय होतो. घाईने कोणी काही काढून घेत नाही.

शेवटचा शब्द घरच्यांचा असतो. म्हणून कार्ड भरून पेटीत ठेवू नका, बायको-मुलांना सांगून ठेवा. सरपंच आणि ग्रामसेवक बंधूंनी एका ग्रामसभेत हा विषय घ्यावा आणि जवळच्या नेत्रपेढीचा फोन नंबर पंचायतीच्या फळ्यावर लिहावा. गावात कोणी दान केले, तर त्या घराचा १५ ऑगस्टला नारळ देऊन सत्कार करावा. याला अनुदान लागत नाही.