शेतकऱ्याच्या तासांचा रोजनामचा

खत, बियाणें आणि पाणी यांचा हिशेब आपल्या मासिकांतून वारंवार येतो, आणि तो यावयासच पाहिजे. परंतु एका वस्तूचा जमाखर्च आपण कधींच मांडीत नाहीं. ती वस्तु म्हणजे शेतकऱ्याचा स्वतःचा वेळ. एकरीं किती गाड्या शेणखत पडलें हें कोणीहि तोंडपाठ सांगेल. पण काल दिवसभरांत हात किती वेळ कामांत होते आणि पाय किती वेळ वाटेंत होते, असें विचारलें तर तो हंसेल. मीहि हंसलों असतों. तेहतीस वर्षें महसूल खात्यांत कारकुनी करून मी सेवानिवृत्त झालों व वाळवें तालुक्यांतील आपल्या गांवीं साडेतीन एकरांवर स्वतः उभा राहिलों. त्या पहिल्याच वर्षीं या हिशेबाची गरज मला कशी पटली, तें वाचकांपुढें ठेवितों.

कृष्णाकांठीं मनुष्याचें कष्टाळूपण त्याच्या कामावरून ठरत नाहीं, तासांवरून ठरतें. जो पहांटे सर्वांआधीं निघतो व रात्रीं सर्वांमागून परततो, तो कष्टाळू. मी तर कचेरींतला माणूस. "कारकुनाला कसली शेती जमते," असें कोणी म्हणूं नये म्हणून मीं हाच मार्ग धरला. त्यांत शेतीपंपांची थ्री-फेज वीज आमच्याकडे वर्षानुवर्षें पाळीनें येत आलेली. कांहीं दिवस दिवसां, कांहीं दिवस रात्रीं. रात्रीची पाळी असली कीं उसाला दारें धरावयास जावयाचें आणि सकाळीं पुन्हां नेहमींच्या वेळीं कामाला लागावयाचें, असा माझा क्रम होता. मे महिन्याच्या अखेरीस अशाच एका रात्रीं बांधावर क्षणभर टेकलों आणि डोळा लागला. जाग आली ती शेजाऱ्यांच्या हांकेनें. पाट फुटून पाणी माझ्या उसांतून त्यांच्या हळदींत शिरलें होतें. दोन दिवसांपूर्वीं लावलेले गड्डे उघडे पडून सरींतून वाहत चालले होते.

शेजारी म्हणजे माझे थोरले चुलत बंधु. त्यांनीं आवाज चढविला नाहीं. बॅटरीच्या उजेडांत गड्डे वेंचतां वेंचतां एवढेंच म्हणाले, "बाबा रे, तूं झोपेला मुकलास अन् मी बेण्याला." बेण्याचे पैसे मीं दुसऱ्याच दिवशीं दिले, पण तें वाक्य कांहीं फिटलें नाहीं. सकाळीं चहा ठेवतांना सौभाग्यवतींनीं विचारलें, "अहो, कचेरींत होतां तेव्हां रोज रात्रीं दैनंदिनी लिहीत होतां ना? मग आतां शेतावरची लिहा कीं. एवढा वेळ जातो कुठें तें तरी कळेल."

मीं जुनी जाड वही काढली. सवयीप्रमाणें रकाने आंखले: वेळ, काम, ठिकाण, शेरा. महिनाभर प्रत्येक फेरी तींत मांडली. महिनाअखेर बेरीज केली तेव्हां ती दोनदां तपासून पाहावी लागली. दिवसाचे सरासरी चवदा तास मी घराबाहेर होतों. त्यांतून पिकाला, मातीला किंवा पाण्याला प्रत्यक्ष हात लागला असे तास साडेपांच. उरलेले साडेआठ कोठें गेले? शेत घरापासून दोन किलोमीटरांवर, आणि दिवसांतून चार-चार फेऱ्या. एकदां खुरपें राहिलें म्हणून, एकदां पान्हा राहिला म्हणून, एकदां डबा आणावयास. वीज येईल म्हणून मोटारीपाशीं बसणें वेगळें. मजूर आठाला येणार म्हणून सातपासून वाट पाहणें व ते दहाला आल्यावर 'आतां काय काम सांगावें' याचा विचार करणें. तालुक्याच्या गांवीं तीस दिवसांत अकरा खेपा, आणि प्रत्येक खेपेस वस्तु एकच. शिवाय खिशांतला मोबाईल. तो कामांत किती वेळां निघतो हें लिहावयाचें मीं आठव्या दिवशीं सोडून दिलें, कारण लिहावयासच वेळ जाऊं लागला.

येथें एक कबुली देणें भाग आहे. शेतकऱ्याचा वेळ शेतकरीच खातो असें नाहीं. आम्ही कचेरींतल्या लोकांनींहि तो पोटभर खाल्ला आहे. एका उताऱ्यासाठीं माणूस सकाळच्या एस. टी.नें यावा, आणि "साहेब फिरतीवर आहेत, सोमवारीं या," असें ऐकून परत जावा, हें मीं कितीदां पाहिलें आणि कितीदां स्वतः म्हटलें. त्याचा तो दिवस कोणत्याहि नोंदवहींत खर्चीं पडला नाहीं. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळूं लागला आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणींत पिकाची नोंद शेतकऱ्यानें स्वतः मोबाईलवर करावी असें ठरलें. या दोहोंनीं किती दिवस वांचले याची मोजदाद कोणी केली तर मला ती वाचावयास आवडेल. तरी अजूनहि सातबाऱ्यासाठीं सवयीनें चावडीवर जाऊन बसणारे माझ्या गांवांत आहेत. बसण्याचीहि एक सवय असते.

तास वांचविण्याचा विचार आपल्या मुलखाला परका नाहीं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं बेळगांवीं कडबा कापण्याचें यंत्र व लोखंडी नांगर करावयास घेतला तेव्हां लोखंडानें जमीन नासते असा लोकांचा समज होता. भारी काळ्या जमिनींत लाकडी नांगराला तीन-तीन, चार-चार बैलजोड्या जुंपावयाच्या आणि त्यांमागें तितकीं माणसें अडकवावयाचीं, हीच रीत. १९१० सालीं औंधच्या पंतप्रतिनिधींनीं दिलेल्या कुंडल रोडच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली व नांगर तेथून गांवोगांव गेला. रयत शिक्षण संस्थेचे भाऊराव पाटील एके काळीं हेच नांगर विकीत हिंडत असत. त्या नांगरानें शेतकऱ्याला दिलें काय? खोल तास दिला हें खरेंच. पण बैलांचे, माणसांचे आणि हंगामाचे दिवसहि मोकळे करून दिले.

सुट्टीचेंहि तसेंच. मुंबईच्या गिरण्यांत सातारा-रत्नागिरीकडचा माणूस पुष्कळ. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ पासून त्यांच्यासाठीं आठवड्याची सुट्टी मागितली आणि १० जून १८९० रोजीं रविवारची सुट्टी मान्य झाली. गिरणींत गेलेल्या भावाला रविवार मिळाला. गांवीं राहिलेल्या भावाच्या बैलालाहि सोमवार होता, कारण सोमवारीं औत धरावयाचें नाहीं अशी आमच्याकडची जुनी चाल. शिवाय बेंदराला त्याला न्हाऊ घालून पुरणपोळी. मालकाला मात्र ना रविवार ना सोमवार. आणि याचाच आपण अभिमान बाळगीत आलों.

आतां मीं काय बदललें तें सांगतों. त्यांत विद्वत्ता कांहीं नाहीं. शेतावर एक लोखंडी पेटी ठेवली आणि पान्हा, खुरपीं, दोरी, फिल्टरची जाळी, सुतळी हीं तिच्यांत कायमचीं गेलीं. त्या एका पेटीनें दिवसाच्या दोन फेऱ्या वांचल्या. तालुक्याचा बाजार आठवड्यांतून एकदां; मधल्या दिवशीं जें आठवेल तें वहीच्या मागल्या पानावर लिहावयाचें. गोठ्याच्या भिंतीवर एक पाटी टांगली व उद्यांचीं तीन कामें तिच्यावर रात्रींच लिहूं लागलों. तीनच. प्रथम मी नऊ लिहीत असें आणि नवांपैकीं दोन होत. तीन लिहूं लागल्यावर तिन्हीं होऊं लागलीं. मजूर आले कीं पाटीकडे बोट दाखवावयाचें. काम सुरू असतां मोबाईल पेटींत.

या शेवटच्या गोष्टीला कोणी हंसूं नये. तासगांवकडच्या माझ्या एका स्नेह्यांनीं उसांत २,४-डी हें तणनाशक मारून पंप तसाच ठेविला होता. दुसरे दिवशीं फोनवर बोलतां बोलतां त्याच पंपांत औषध कालवून द्राक्षांवर फवारलें. द्राक्षवेल २,४-डीला फार हळवी. चार दिवसांत शेंड्याचीं पानें पंख्यासारखीं आखडलीं आणि त्या ओळींचा हंगाम गेला. पंप धुवावयास दहा मिनिटें लागलीं असतीं. पण चूक वेळेअभावीं झाली नव्हती. वेळ होता, चित्त तेथें नव्हतें. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवावा, हें त्यांनीं आतां ओळखलें आहे.

खरी मोठी बचत झाली ती जीं कामें करावयाचींच नव्हतीं तीं सोडल्यामुळें. माझा एक एकर खोडवा. पूर्वीं पाचट पेटवावयाचें, मग बगला फोडावयाच्या, खुरपणी, बांधणी. सातारा जिल्ह्यांतील पाडेगांवच्या ऊस संशोधन केंद्राची (स्थापना १९३२) शिफारस निराळी आहे. पाचट जाळूं नये. तें सरींत पसरून त्यावर हेक्टरीं ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट व १० किलो पाचट कुजविणारें जिवाणु-खत टाकावें. रासायनिक खत दोनच वेळां, पहारीनें द्यावें: पहिला हप्ता तोडणीनंतर १५ दिवसांच्या आंत, दुसरा १३५ दिवसांनीं सरीच्या दुसऱ्या बाजूस. बुडख्यापासून १० ते १५ सेंटिमीटरांवर, १५ ते २० सेंटिमीटर खोल छिद्र घ्यावें, व दोन छिद्रांत ३० सेंटिमीटर अंतर ठेवावें. पहारीचें काम कंटाळवाणें आहे हें मी लपवीत नाहीं. दुसऱ्या दिवशीं खांदे बोलतात. पण पाचटाखालीं तण फारसें उठलें नाहीं, पाण्याच्या पाळ्या लांबल्या, आणि बगला फोडण्याचें व बांधणीचें काम पंचांगांतूनच गेलें.

राहिला रात्रीच्या पाण्याचा प्रश्न. आडसालीच्या दीड एकरांत मीं ठिबक घातलें. दारें धरण्याचें काम त्यामुळें संपलें. रात्रीं उरलें तें मोटार सुरू करणें. वीज आली कीं मोटार आपोआप चालू करणारी योजना पुष्कळांनीं बसविली आहे. पण सर्वांच्या मोटारी एकाच क्षणीं उठल्या म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर भार येऊन तो जळतो, म्हणून मीं मोबाईलवरून चालणारा स्टार्टर घेतला. म्हणजे दिवसां ज्याला पेटींत कोंडतों, त्याच्याच जोरावर रात्रीं घरीं झोंपतों. ठिबकाला खर्च येतो, अनुदान पदरांत पडावयास वेळ लागतो, उंदीर नळ्या कुरतडतात, फिल्टर धुतला नाहीं तर छिद्रें तुंबतात. ज्यांची विहीर चौघांत सामाईक आहे त्यांना तर आधीं चौघांचें एकमत करावें लागेल, आणि तें ठिबकाहून महाग आहे. २०२३ पासून मुख्यमंत्री सौर कृषि वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा चालू झाला असून, त्यांतून दिवसां वीज मिळावी असा उद्देश आहे. जेथें ती मिळूं लागली तेथें शेतकऱ्याच्या झोंपेचा निम्मा प्रश्न मिटला.

वर्षअखेर वहीची बेरीज पुन्हां केली. घराबाहेरचे तास चवदांवरून आठांवर आले होते, आणि प्रत्यक्ष काम साडेपांचांचें सहा झालें होतें. मी ती वही मोठ्या समाधानानें सौभाग्यवतींपुढें ठेविली. त्यांनीं पानें चाळलीं व विचारलें, "हींत माझा रकाना कुठें आहे?"

रकाना नव्हता. तेहतीस वर्षें कुळाचें नांव, क्षेत्राचें नांव, पिकाचें नांव लिहिलें. पण ज्या हातांनीं गोठा झाडला जातो त्यांचा रकाना सरकारी नमुन्यांत नव्हता, म्हणून माझ्याहि वहींत आला नाहीं. मग त्या सांगत गेल्या व मीं लिहीत गेलों. पहांटे साडेचारला शेण, मग धार, डेअरीची वेळ चुकूं नये म्हणून धांवपळ, स्वयंपाक, डबे, म्हशींना पाणी, दुपारीं भांगलण, कोयत्यानें वैरण तोडणें, पुन्हां पाणी, पुन्हां धार, पुन्हां स्वयंपाक. आठवड्याची सरासरी साडेपंधरा तास निघाली. आणखी एक गोष्ट वहींत दिसली, ती लिहितांना मला लाज वाटते. माझे जे तास कमी झाले होते, त्यांपैकीं एक तास कमी झालाच नव्हता. संध्याकाळची वैरण पूर्वीं मी आणीत असें. ती त्या आणूं लागल्या होत्या.

वैरण पुन्हां माझ्याकडे आली. किर्लोस्करांनीं शंभर वर्षांपूर्वीं कडबा कापण्याचें यंत्र केलें आणि किर्लोस्करवाडी माझ्या गांवाहून फार लांब नाहीं. तरी माझ्या घरांत वैरण कोयत्यानें तुटत होती. विजेवरचें कुट्टीयंत्र गेल्या पाडव्याला आणलें. तासाचें काम पाऊण घटकेंत होतें. मुक्त गोठ्याची आंखणी झाली आहे: जनावरें कुंपणांत मोकळीं, पाण्याची टांकी मध्यें, म्हणजे दिवसांतून चार वेळां बादल्या वाहणें नको व रोजचें शेण काढणेंहि नको. खांब रोवून झाले, पत्रे दिवाळीनंतर येतील. पाटीवर आतां दोन ओळी असतात, एक माझ्या तीन कामांची व एक त्यांच्या तीन कामांची. त्यांची ओळ अजून रोज पुरी होत नाहीं, कारण तींत न लिहिलेलीं कामें फार असतात. तेवढ्यासाठीं नवीन वही घातली आहे. चुलत बंधूंनीं ती परवां पाहिली आणि आपल्या सुनेला दाखवावयास घरीं नेली. ती अद्याप परत आलेली नाहीं.