भांडं मोजायचं की शिधा?

पसरणीचा घाट सुरू झाला की वडील म्हणायचे, "एसी बंद कर गं." आईचा हात त्याआधीच बटणाकडे गेलेला असायचा. आमची तीन सिलिंडरची छोटी गाडी, आत पाच माणसं, डिकीत महाबळेश्वरच्या चार दिवसांचं सामान. दुसऱ्या गिअरवर इंजिन कण्हत राहायचं. मग मागून एखादा डिझेल टेंपो यायचा, हॉर्न वाजवत पुढे निघून जायचा, आणि त्याच्या मागच्या फळीवर रंगवलेला 'टर्बो' हा शब्द पुढच्या वळणापर्यंत आम्हाला दिसत राहायचा. दहाव्या वर्षी तो अपमान मला फार लागला होता.

दोष गाडीचा नव्हता. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर उंच आहे आणि तिथली हवा मुंबईच्या हवेपेक्षा साधारण आठव्या हिश्श्याने विरळ असते. आपण म्हणतो गाडी पेट्रोलवर चालते, पण एक ग्रॅम पेट्रोल नीट जाळायला १४.७ ग्रॅम हवा लागते. पेट्रोल वाढवणं सोपं आहे, जास्त फवारलं की झालं. अडतं ते हवेपाशी. एक लिटरचं फोर-स्ट्रोक इंजिन एका फेऱ्यात अर्धा लिटर हवा ओढतं. मिनिटाला ३,००० फेरे धरले तर दीड हजार लिटर. पिस्टन खाली जाताना जेवढी हवा आपसूक आत येईल तेवढ्यावर भागवणारं इंजिन म्हणजे 'नॅचरली ॲस्पिरेटेड'. गॅरेजमध्ये त्याला नुसतं 'साधं इंजिन' म्हणतात.

जास्त ताकद हवी तर तीन वाटा आहेत. भांडं मोठं करा, म्हणजे सीसी वाढवा. किंवा भांडं तेवढंच ठेवून ते मिनिटाला जास्त वेळा भरा आणि रिकामं करा. किंवा त्याच भांड्यात हवा कोंबा. टर्बो ही तिसरी वाट. इंधनाच्या उष्णतेचा जवळपास तिसरा हिस्सा सायलेन्सरवाटे वाया जातो. त्या धुराच्या झोतावर एक छोटं चक्र फिरवायचं, त्याच दांड्यावर दुसरं चक्र बसवायचं आणि त्याने ताजी हवा दाबून आत ढकलायची. हा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. म्हणून जुने मेकॅनिक टर्बो डिझेलवाल्यांना बजावत असत, "घाट चढून आलात की लगेच चावी फिरवू नका, अर्धा मिनिट आयडलला राहू द्या." इंजिन बंद झालं की ऑइल थांबतं, चक्र मात्र तापलेलं असतं आणि अजून फिरत असतं.

ही कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याची, पेटंट १९०५चं. मोटारीशी तिचा तेव्हा काही संबंध नव्हता. सुरुवातीची कमाई जहाजांच्या डिझेल इंजिनांवर झाली. विमानांत तिची चाचणी मात्र त्याआधीच झाली होती. १९१८ मध्ये अमेरिकेत सॅनफर्ड मॉस याने लिबर्टी हे विमानाचं इंजिन कोलोरॅडोतल्या पाइक्स पीक या १४,००० फुटांवरच्या शिखरावर नेलं. खाली ३५० अश्वशक्ती देणारं इंजिन वर २३०वर आलं होतं. टर्बो जोडला आणि ते ३५६वर गेलं. पसरणीच्या घाटातल्या माझ्या कोड्याचं उत्तर कधीच दिलं गेलं होतं म्हणायचं.

मोटारीत शिरताना मात्र टर्बोने बरंच रडवलं. हवा दाबली की तापते. तापलेलं मिश्रण ठिणगीची वाट न पाहता स्वतःच भडकतं, आणि इंजिनातून टकटक ऐकू येते. हे नॉकिंग पिस्टनला भोकं पाडू शकतं. १९६२ मध्ये ओल्ड्समोबिलने 'जेटफायर' आणली तेव्हा यावर एक विलक्षण तोडगा काढला होता. गाडीत वेगळी टाकी, तिच्यात पाणी आणि मिथेनॉल यांचं मिश्रण, नाव 'टर्बो रॉकेट फ्लुइड'. दाब वाढला की हे द्रव आत शिंपडलं जायचं आणि मिश्रण थंड राहायचं. अभियांत्रिकी म्हणून सुंदरच, पण टाकी भरायची कोणी? गिऱ्हाइकं विसरायची. टाकी रिकामी झाली की गाडी स्वतःच दाब कमी करायची, मग लोक ताकद नाही म्हणून तक्रार करायचे. दोन वर्षांत दहा हजारांच्या आतच गाड्या बनल्या, आणि पुढे कित्येकांचे टर्बो काढून साधे कार्ब्युरेटर बसवले गेले. पेट्रोल भरणंही उद्यावर टाकणाऱ्या माणसाकडून दुसरी टाकी भरून घ्यायची, ही अपेक्षा मोठी होती.

खरी झुंज लागली फॉर्म्युला वनमध्ये. १९६६च्या नियमाने साधं इंजिन असेल तर तीन लिटर आणि हवा कोंबणारं असेल तर दीड लिटर, अशी मर्यादा घातली होती. दीड लिटरच्या वाटेला बराच काळ कोणी गेलंच नाही, कारण तीन लिटरच्या वाटेवर कीथ डकवर्थ बसला होता. फोर्डच्या एक लाख पौंडांवर या इंग्रज अभियंत्याने बनवलेलं कॉसवर्थ डीएफव्ही हे आठ सिलिंडरांचं इंजिन १९६७ मध्ये झांडफोर्टला उतरलं आणि जिम क्लार्कने त्याच्या जोरावर पहिलीच शर्यत जिंकली. पैसे मोजले की ते कोणालाही विकत मिळायचं. छोट्या संघांची सगळी बिऱ्हाडं त्याच्यावर उभी होती.

१९७७च्या जुलैत सिल्व्हरस्टोनला रेनोची पिवळी गाडी आली, दीड लिटर, टर्बो, चालक झां-पिएर जाबुई. ती वारंवार धूर सोडत थांबायची, म्हणून इंग्रजांनी तिचं नाव ठेवलं 'पिवळी किटली'. दुसरं दुखणं लॅगचं. पाय दाबल्यावर धूर वाढणार, चक्र वेग घेणार, मग हवा येणार. तोवर वळण निघून गेलेलं. चालकाला ताकद लागणार त्याच्या आधीच पाय दाबायला शिकावं लागलं. पण १९७९च्या आरंभी दक्षिण आफ्रिकेत कायलामीला जाबुईने सर्वांत पुढची जागा पटकावली. कायलामी सुमारे दीड हजार मीटरवर आहे, म्हणजे आपल्या महाबळेश्वराहून थोडं उंच. विरळ हवेत बाकीचे सगळे आमच्या छोट्या गाडीसारखे कण्हत होते. एका मोठ्या टर्बोऐवजी दोन छोटे लावल्यावर लॅगही आवरला आणि त्याच वर्षी १ जुलैला दिजाँला जाबुईने रेनोला पहिली शर्यत जिंकून दिली. (त्या शर्यतीची आठवण निघते ती मात्र दुसऱ्या क्रमांकासाठी व्हिलनव आणि आर्नू हे दोन चालक चाकाला चाक घासत लढले त्याची. जाबुईच्या नशिबी तेवढंही नव्हतं.)

पुढे फेरारी, बीएमडब्ल्यू, होंडा सगळेच त्या वाटेने गेले. १९८३ मध्ये डेट्रॉइटला मिळालेला विजय कॉसवर्थच्या त्या घराण्याचा शेवटचा ठरला, एकशे पंचावन्नावा. १९८८ मध्ये होंडाचा टर्बो लावलेल्या मॅक्लारेनने १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या आणि १९८९पासून टर्बोवर बंदी आली.

डकवर्थला टर्बो मुळातच खटकत होता. धुरावर फिरणारं चक्र हे स्वतःच एक इंजिन आहे, तेव्हा दीड लिटरचा हिशेबच खोटा, असं त्याचं म्हणणं. हरणाऱ्याची कुरकुर म्हणून ते सोडून देता आलं असतं, पण त्याने पुढचं पाऊलही टाकलं: भांडं मोजूच नका, इंधन मोजा. ठरावीक वेळात एवढंच इंधन मिळेल म्हणा आणि त्यातून कोण किती काम काढतो ते बघा. तेव्हा कोणी ऐकलं नाही. २०१४ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये टर्बो परतला तो तासाला १०० किलो इंधनाच्या मर्यादेसह. डकवर्थ २००५ मध्येच गेला होता.

माझ्या मते या सगळ्या वादाची किल्ली इथे आहे. टर्बो श्रेष्ठ की साधं इंजिन, हा प्रश्न अभियंत्यापुढे कधी कोरा येत नाही. नियम करणाऱ्याने काय मोजायचं ठरवलंय, ते आधी येतं. युरोपातल्या इंधनखपाच्या जुन्या चाचणीत शून्यावरून ५० किलोमीटरचा वेग गाठायला तब्बल २६ सेकंद दिले जात. एवढ्या संथपणात टर्बोला काम पडत नाही, म्हणून छोटी टर्बो इंजिनं कागदावर फार काटकसरी दिसली. रस्त्यावर पाय दाबला की तेवढी उरली नाहीत. जपानात गाड्यांवरचा वार्षिक कर ५०० सीसीच्या पायऱ्यांनी चढतो. तिथे होंडाने शर्यतीत टर्बो राबवत असतानाच रस्त्यावरच्या गाड्यांसाठी दुसरी वाट धरली. १९८९च्या 'इंटेग्रा'त झडपा उघडण्याची पद्धत वेगानुसार बदलणारं व्हीटेक आलं, आणि १.६ लिटरच्या साध्या इंजिनाने ८,००० फेऱ्यांपर्यंत चढत १६० अश्वशक्ती दिली. दर लिटरला शंभर, तीही टर्बोशिवाय. मला विचाराल तर त्या इंजिनाच्या आवाजासाठी मी ॲव्हरेजचा विचार एक दिवस बाजूला ठेवीन.

आपल्याकडे २००६च्या अर्थसंकल्पाने चार मीटरच्या आतली आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल इंजिनाची गाडी 'छोटी' ठरवून कर उतरवला. त्या रेषेने पुढची वीस वर्षं घडवली. शोरूममध्ये दोन गाड्या शेजारी उभ्या करून बघा. ह्युंदाईची व्हेन्यू टर्बो, ९९८ सीसी, १२० अश्वशक्ती. मारुतीची ब्रेझा, १४६२ सीसीचं साधं इंजिन, १०३ अश्वशक्ती. दोन्हींची लांबी ३,९९५ मिलिमीटर. सप्टेंबर २०२५पासून जास्त ताकदीच्या व्हेन्यूवर जीएसटी १८ टक्के, कमी ताकदीच्या ब्रेझावर ४०. डकवर्थने कपाळावर हात मारला असता. भांडं मोजणाऱ्या कायद्यात टर्बो हा चक्क कर वाचवण्याचा मार्ग ठरतो, आणि तीन सिलिंडरांची टर्बो इंजिनं आपल्या रस्त्यांवर एवढी का वाढली याचं निम्मं उत्तर अर्थखात्याच्या फायलीत सापडतं.

साधं इंजिन मात्र संपलेलं नाही. टोयोटाने हायब्रिडसाठी ते वेगळ्याच अंगाने घडवलं. पिस्टन वर यायला लागला तरी आत येणारी झडप थोडा वेळ उघडी ठेवायची. घेतलेली थोडी हवा परत जाते. इंजिन मुद्दाम कमी जेवतं, पण जेवलेलं पुरतं पचवतं. इंधनातल्या उष्णतेचं काम होण्याचं प्रमाण अशा इंजिनात ४० टक्क्यांवर गेलं आहे. सुरुवातीची खेच कमी पडते, ती बॅटरीवरची मोटर भरून काढते. टर्बोने जे काम धुराकडून करून घेतलं ते इथे वीज करते, आणि तिला लॅग ठाऊक नाही.

गेल्या मे महिन्यात भाच्याच्या अशाच हायब्रिडमधून आम्ही पसरणी चढलो. तिच्यातला एसी बॅटरीवर चालतो. इंजिनाच्या पट्ट्यावर त्याचं ओझं नाही. गाडी एका सुरात वर निघाली होती. वडील मागच्या सीटवर डोळे मिटून होते. पहिलं मोठं वळण आलं तेव्हा डोळे न उघडता म्हणाले, "एसी बंद कर रे."

भाच्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि एसी बंद केला.