जपलेला आवाज आणि हरवलेले खेळ

वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला. त्याच्या काही आठवडे आधी मुंबईत वांद्र्याला झालेले त्यांचे कीर्तन ध्वनिफितीवर उतरवून घेतले गेले होते. बाबांनी स्वतः ग्रंथ लिहिला नाही. तरीही श्रोत्यांना प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तर काढून घेण्याची त्यांची हातोटी आज आपल्याला प्रत्यक्ष ऐकता येते. वेळीच कुणाला तरी सुचले, म्हणून हा ठेवा उरला.

पुढे त्याच जातीच्या चुंबकीय फितीवर एक निराळाच मजकूर साठू लागला. १९८२ साली इंग्लंडमध्ये सिंक्लेअर कंपनीचा ‘स्पेक्ट्रम’ हा घरगुती संगणक आला. १९८८ मध्ये पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन तो ‘डीबी स्पेक्ट्रम’ या नावाने आपल्याकडे आणला. घरातला दूरदर्शन संच हा त्याचा पडदा आणि साधा टेपरेकॉर्डर हे त्याचे कपाट. खेळ कॅसेटवर येत. यंत्र सुरू करताच ‘बेसिक’ ही भाषा समोर उभी राही. त्यामुळे खेळणारा मुलगा स्वतः खेळ रचूही शके. मात्र त्याची ती रचना एकाच कॅसेटवर असायची. तिच्यावर घरातल्या कुणी गाणी भरली, की सारे संपले.

हे केवळ हौशी मुलांच्याच बाबतीत घडले असे नाही. लिव्हरपूलच्या ‘इमॅजिन’ कंपनीने ‘बँडरस्नॅच’ व ‘सायक्लॅप्स’ या दोन खेळांच्या मोठाल्या जाहिराती केल्या. परंतु १९८४ मध्ये कंपनीच बुडाली आणि ते खेळ दुकानापर्यंत पोचलेच नाहीत. जे प्रसिद्ध झाले त्यांचीही स्थिती फारशी बरी नाही. २०१० पूर्वी अमेरिकेत निघालेल्या खेळांपैकी सुमारे ८७ टक्के बाजारात मिळेनासे झाले आहेत, असे तेथील एका अभ्यासात २०२३ साली आढळले.

यावर कुणी म्हणेल, पोरखेळच तो. गेला तर काय बिघडले? आपला कायदा मात्र तसे म्हणत नाही. १९८४ च्या दुरुस्तीने संगणकाच्या प्रोग्रामचा, मग तो तबकडीवर असो वा फितीवर, स्वामित्वहक्क कायद्यातील ‘साहित्यकृती’ या संज्ञेत समावेश झाला. इकडे १९५४ च्या कायद्यान्वये प्रत्येक प्रकाशकाने छापील पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास व अन्य ठरावीक ग्रंथालयांस पाठवावयाची असते. अशी प्रत मागताना मात्र प्रोग्रामची आठवण कुणाला झाली नाही. हक्क सांगण्यापुरते ते साहित्य आणि जतन करण्याच्या वेळी खेळणे, ही विसंगती आपण निमूटपणे चालवून घेतली आहे.

या कामात दिरंगाई परवडणारी नाही, याचे कारण फितीच्या स्वभावातच आहे. ओल, बुरशी आणि आपल्या वऱ्हाडातला उन्हाळा यांनी फितीवरचा लेप खराब होतो. कीर्तनाच्या फितीत खरखर आली तरी शब्द कळतात. माणसाचा कान उरलेले भरून काढतो. प्रोग्रामचे तसे नसते. त्यातला एक अंश चुकीचा वाचला गेला तरी सबंध खेळ अडून बसतो. उलट, फीत शाबूत असतानाच तिची अचूक नक्कल केली, तर ती मुळाइतकीच अस्सल ठरते. स्वामित्वहक्काच्या नावाने काही जण हरकत घेतील. पण विक्रीसाठी नक्कल करणे आणि ग्रंथालयात अभ्यासासाठी एक प्रत राखणे यांत भेद करणे कठीण नाही.

अमरावतीच्या विद्यापीठाला गाडगेबाबांचेच नाव आहे. त्याच्या ग्रंथालयाने पुढाकार घेऊन जुन्या कॅसेटी व हस्तलिखित प्रोग्रामच्या वह्या मागवाव्यात आणि त्यांच्या नकला उतरवून घ्याव्यात. शिक्षकांनी आपापल्या शाळेची कपाटे उघडून पाहावीत. ज्या पिढीने ही यंत्रे हाताळली ती आता उतारवयाकडे झुकली आहे. कॅसेटवरचे पुसट अक्षर वाचून ‘हा माझा खेळ’ असे सांगणारी माणसे हयात आहेत, तोवरच या संग्रहाला अर्थ आहे. वांद्र्याच्या त्या कीर्तनाची फीत ‘पुढे पाहू’ म्हणून राहून गेली असती, तर वलगावच्या पुलाशी तो आवाज कायमचा थांबला असता.