कार्नेगी हॉलमधील विणकर

अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरी कार्नेगी हॉल नावाचे एक प्रख्यात संगीतगृह आहे. 24 डिसेंबर 1955 रोजी, नाताळच्या आदल्या रात्री, ते श्रोत्यांनी तुडुंब भरले होते. व्यासपीठावर पीट सीगर, ली हेज, फ्रेड हेलरमन हे तीन गायक व रॉनी गिल्बर्ट ही गायिका उभी होती. त्यांच्या मेळ्याचे नाव ‘वीव्हर्स’, म्हणजे विणकर. जर्मन नाटककार हाउप्टमान याच्या विणकरांच्या बंडावरील नाटकावरून ते घेतलेले होते.

1950 साली या चौघांची गाणी घरोघरी वाजत असत. परंतु त्या काळी अमेरिकेत साम्यवादी असल्याच्या नुसत्या संशयावरून माणसे कामास मुकत. वीव्हर्सवरही तोच ठपका आला. नभोवाणीने त्यांस दूर केले, सभागृहांची दारे बंद झाली आणि 1952 मध्ये मेळा मोडला. तीन वर्षांनंतरचे हे त्यांचे पुनर्मीलन होते.

त्या रात्रीचे गायन ध्वनिमुद्रित करण्यात आले व 1957 मध्ये त्याची तबकडी निघाली. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तीनचार मिनिटांचेच गाणे मावत असे. 1948 पासून मिनिटाला 33⅓ फेरे घेणाऱ्या दीर्घ तबकड्या आल्या आणि मैफलीचा मोठा भाग एकाच तबकडीवर साठविणे शक्य झाले. बंद खोलीत मुद्रण करताना चुकलेले गाणे पुन्हा म्हणता येते. येथे ती सोय नव्हती. मात्र टाळ्या, हशा आणि गायकांच्या सुरात सूर मिसळणारे श्रोते हे सारे तबकडीवर उतरले. लोकगीत अनेकांनी मिळून गायचे असते, हे ती ऐकताना सहज कळते.

यांतील बहुतेक गाणी मेळ्याची स्वतःची नव्हती. कोळशाच्या खाणीतील मजुराची व्यथा सांगणारे ‘सिक्स्टीन टन्स’ हे मर्ल ट्रॅव्हिस याचे. ‘सुलिराम’ हे इंडोनेशियातील अंगाईगीत. अखेरचे ‘गुडनाइट, आयरीन’ हे हडी लेडबेटर या निग्रोवंशीय गायकाकडून मिळालेले. त्याला लेडबेली म्हणत. 1933 साली तो तुरुंगात असताना लोकगीतांचे संग्राहक जॉन लोमॅक्स व त्यांचा पुत्र ॲलन यांनी त्याचे गायन यंत्रावर टिपून घेतले होते. डिसेंबर 1949 मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी वीव्हर्सने गाइलेले हे गीत 13 आठवडे लोकप्रियतेच्या यादीत अग्रस्थानी राहिले. ते यश पाहणे त्याच्या नशिबी नव्हते.

‘विमोवे’ या गाण्याची कथा याहून कटू आहे. दक्षिण आफ्रिकेतील झुलू गायक सॉलोमन लिंडा याने 1939 साली ‘म्बुबे’, म्हणजे सिंह, हे गीत जोहान्सबर्गमध्ये मुद्रित केले. त्याचे हक्क त्याने अवघ्या 10 शिलिंगांस विकले. ती तबकडी ॲलन लोमॅक्स यांच्यामार्फत सीगरच्या हाती आली. ‘उयिम्बुबे’, म्हणजे ‘तू सिंह आहेस’, हे झुलू शब्द सीगरच्या कानी ‘विमोवे’ असे पडले आणि तेच नाव रूढ झाले. रचनाकार म्हणून मात्र ‘पॉल कॅम्पबेल’ हे नाव लागले. अशा नावाचा कोणी मनुष्यच नव्हता. ते मेळ्याचे टोपणनाव होते. लोकगीत कोणा एकाचे नसते, ही समजूत उदार खरी. परंतु या गीताचा कर्ता तर हयात होता व दारिद्र्यात दिवस कंठीत होता! सीगरने त्याला काही रक्कम पाठविली. तेवढ्याने अन्याय भरून निघाला नाही. 1961 साली याच चालीवर बेतलेले ‘द लायन स्लीप्स टुनाइट’ हे गाणे अनेक देशांत गाजले. लिंडा 1962 साली निर्धन अवस्थेत मरण पावला. त्याच्या मुलींनी न्यायालयाचे दार ठोठावले. 2006 मध्ये तडजोड होऊन पित्याच्या गीताच्या उत्पन्नातील वाटा त्यांस मिळाला आणि गीताचा सहरचनाकार म्हणून लिंडाचे नाव मान्य झाले.