पाचगणी ते वेम्बली : फ्रेडी मर्क्युरीचा सूरप्रवास

‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडचा प्रमुख गायक फ्रेडी मर्क्युरी याचे २४ नोव्हेंबर १९९१ रोजी लंडन येथे निधन झाले, तेव्हा तो अवघा ४५ वर्षांचा होता. जगभर मर्क्युरी या नावाने कीर्ती मिळवलेल्या या कलावंताचे मूळ नाव फारुख बलसारा होते आणि त्याच्या संगीताचा पाया घातला गेला तो महाराष्ट्रातील पाचगणी येथे.

फ्रेडीचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांजिबार बेटावर एका पारशी कुटुंबात झाला. वडील बोमी बलसारा तेथील ब्रिटिश प्रशासनाच्या सेवेत होते. त्यांनी मुलाला शिक्षणासाठी पाचगणीच्या सेंट पीटर्स या निवासी शाळेत धाडले. तेथेच तो पियानो शिकला, ‘फ्रेडी’ या नावाने ओळखला जाऊ लागला आणि शाळासोबत्यांसह त्याने ‘द हेक्टिक्स’ हा पहिला बँड उभा केला.

१९६४ मध्ये झांजिबारमधील राज्यक्रांतीनंतर हे कुटुंब इंग्लंडला गेले. १९७० मध्ये ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांच्या साथीने ‘क्वीन’ची वाटचाल सुरू झाली. फ्रेडीने रचलेले ‘बोहेमियन ऱ्हाप्सोडी’ हे गीत १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे सहा मिनिटांचे, धृपद नसलेले आणि ऑपेरा व रॉक यांचा मेळ घालणारे हे गीत रेडिओवर चालणार नाही, असा अनेकांचा होरा होता. प्रत्यक्षात ते ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे अग्रस्थानी राहिले. १३ जुलै १९८५ रोजी वेम्बली स्टेडियमवर झालेल्या ‘लाइव्ह एड’ कार्यक्रमात सुमारे वीस मिनिटांत त्याने हजारो श्रोत्यांना आपल्या सुरात सामील करून घेतले.

रंगमंचावर इतका मोकळा असणारा हा गायक आपला पारशी वारसा आणि भारतातील बालपण यांविषयी मात्र क्वचितच बोलला. आजारही त्याने जगापासून लपवला. एड्सग्रस्तांकडे समाज तिरस्काराने पाहत असे, असा तो काळ होता. २३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याने आपल्याला एड्स झाल्याचे जाहीर केले आणि या रोगाविरुद्धच्या लढ्यात सर्वांनी सहभागी व्हावे, असे आवाहन केले. दुसऱ्याच दिवशी त्याची प्राणज्योत मालवली. त्याचे अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनी केले.

२० एप्रिल १९९२ रोजी वेम्बली येथेच त्याला संगीतमय आदरांजली वाहण्यात आली. त्यानंतर स्थापन झालेला ‘मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट’ एड्सविरोधी कार्याला अर्थसाहाय्य करतो. आयुष्यभर गुप्त ठेवलेला आजार अखेरच्या क्षणी उघड करणाऱ्या या गायकाचे नाव आज त्याच आजाराविरुद्धच्या लढ्याशी कायमचे जोडले गेले आहे.